फाईल मुलांची आहे, ती मुलांच्या हातात द्या

प्रति,
मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील परदेशी शिक्षण व व्हिसा सल्लागार

सप्रेम नमस्कार.

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेली अधिकारी. नोकरीची शेवटची बरीच वर्षे शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. परदेशी शिकायला निघालेली मुले आईवडिलांना घेऊन समोर बसायची, आणि त्यांच्या हातात बहुतेक वेळा तुमच्यापैकी कुणाच्या तरी नावाचा छापील फोल्डर असायचा. आता मुलुंडला घरी असते, तरी सोसायटीतली, जुन्या ओळखीतली मुले कागद दाखवायला येतात. तुमच्या ऑफिसातून तयार होऊन आलेल्या फायली मी वर्षानुवर्षे पानन् पान वाचल्या आहेत. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, वकिलातींना किंवा सरकारला नाही.

मागणी एकच आहे. व्हिसाची फाईल ज्याच्या नावाची, त्या मुलाच्या ताब्यात ती राहू द्या. तिच्यातला प्रत्येक कागद त्याने वाचलेला असावा, प्रत्येक उत्तर त्याने स्वतः दिलेले असावे. तुम्ही मदत जरूर करा, त्याबद्दल फीसुद्धा घ्या. पण त्याच्या जागी तुम्ही बसू नका.

तुमच्या मदतीची गरज किती खरी आहे हे मला माहीत आहे. ज्या घरातून आजवर कुणी परदेशी शिकायला गेलेले नाही, त्या घराला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. आपल्याकडच्या कागदांचे प्रश्नही आपल्याकडचेच. मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावाच्या रकान्यात कधी वडिलांचे नाव जोडलेले, कधी नाही. आईच्या पॅनकार्डावर एक नाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिचे माहेरचे. जन्मदाखला मराठीत, गावचा सातबारा मराठीत, म्हणजे प्रमाणित भाषांतर आले. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आले. जर्मनीला जायचे असेल तर नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागद खरे असल्याचे तपासून दिलेले, प्रमाणपत्र आधी लागते, आणि ते वेळेत हातात नसेल तर पुढचे सगळे खोळंबते. यातली एकेक गोष्ट समजावून सांगणारा माणूस शेजारी असणे हा मोठा आधार असतो. दादर, ठाणे, बोरिवलीत असा आधार देणारे सल्लागार आहेत. मी स्वतः त्यांच्याकडे मुले पाठवली आहेत आणि पुढेही पाठवीन.

खटकते ते यापुढचे.

बऱ्याच ऑफिसांत व्हिसा अर्जाचे मुलाचे ऑनलाइन खाते ऑफिसच्याच ईमेलवर उघडले जाते. पासवर्ड ऑफिसकडे. मुलाला हवे तर स्टेटसचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर मिळतो. डोंबिवलीच्या एका मुलाचे काय झाले ते सांगते. त्याच्या अर्जावर आणखी एक कागद मागणारा ईमेल आला होता, सोबत मुदतही दिलेली होती. ईमेल गेला सल्लागाराच्या ऑफिसात. त्याची फाईल बघणारी काउन्सेलर त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेली होती आणि तो ईमेल कुणी उघडलाच नाही. कागद मुलाच्या कपाटात होता. अर्ज नामंजूर झाला, फी गेली, एक इनटेक, म्हणजे प्रवेशाचा एक हंगाम, गेला. वडिलांनी चौकशी केली तेव्हा ‘एम्बसीचं काही सांगता येत नाही’ असे उत्तर मिळाले. त्या घरात अजूनही हाच समज आहे की एम्बसीने मुलावर अन्याय केला. मी तो ईमेल पाहिला नसता तर माझाही झाला असता.

अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्ममध्ये शेवटी एक प्रश्न असतो: हा अर्ज भरायला तुम्हाला कुणी मदत केली का? मदत केली असेल तर त्या व्यक्तीचे नाव-पत्ता लिहायचा. फॉर्म कुणीही भरून दिला तरी शेवटची इलेक्ट्रॉनिक सही अर्जदारानेच करायची, असा नियम आहे. किती ऑफिसांत हा प्रश्न मुलाला वाचून दाखवला जातो? मी विचारलेल्या बहुतेक मुलांना असा प्रश्न असतो हेच ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये उत्तर ‘नाही’ असे गेले होते. म्हणजे खरे बोलण्याची शपथ घेऊन केलेल्या अर्जात, त्या मुलाला न विचारता, त्याच्या नावावर एक खोटे उत्तर जमा झाले.

हे छोटे खोटे कुठवर जाऊ शकते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चुकीची माहिती किंवा बनावट कागद दिल्याचे ठरले तर कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो. ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षे. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षे अर्ज नाकारले जाऊ शकतात. अमेरिकेत तर हा शिक्का जन्मभराचा, खास सूट मिळाली तरच सुटका. यातले काहीही तुमच्या ऑफिसला लागू होत नाही. ते बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या पासपोर्टला चिकटते, आणि पुढे दुसऱ्या कुठल्याही देशाच्या फॉर्मवर ‘यापूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला त्याला आयुष्यभर ‘हो’ लिहावे लागते.

२०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर परत पाठवले जाण्याची वेळ आली, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. कॉलेजची प्रवेशपत्रे बनावट होती आणि ती जालंधरच्या एका एजंटाने दिलेली होती. त्यातली कित्येक मुले तिकडे शिकली, नोकरीला लागली आणि कायम वास्तव्याचा अर्ज करताना पहिल्यांदा त्यांना कळले की ज्या पत्रावर आपण आलो तेच खोटे होते. एजंटाला नंतर तिथे शिक्षा झाली. पण प्रत्येक मुलाला, आपण फसवले गेलो, फसवणूक आपण केलेली नाही, हे एकेकट्याने सिद्ध करत बसावे लागले. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून कॅनडाचे इमिग्रेशन खाते प्रत्येक प्रवेशपत्र थेट त्या कॉलेजकडून पडताळून घेते. मुलांनी तेव्हाच कॉलेजला स्वतःच्या ईमेलवरून एक ओळ विचारली असती तरी सत्य बाहेर आले असते. ती ओळ लिहायची त्यांना कधी गरजच वाटू दिली गेली नाही. सगळा पत्रव्यवहार एजंटाच्या हातात होता.

आता एसओपीबद्दल, म्हणजे मुलाने अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनाबद्दल. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे.

भांडुपची एक मुलगी माझ्याकडे आली होती. बीएमएस झालेली, वडील बेस्टमध्ये कंडक्टर. सप्लाय चेनमध्ये मास्टर्स करायला निघाली होती. तिच्या फोल्डरमधली दोन पानांची एसओपी मी वाचली. लहानपणापासून जागतिक व्यापाराचे आकर्षण, वेगाने बदलणारे जग, आपल्या विद्यापीठाचा समृद्ध वारसा, असे सगळे होते. अशी पाने मी इतकी वाचली आहेत की पहिल्या परिच्छेदावरून कुठल्या ऑफिसातून आली ते ओळखू येते. तिला म्हटले, यातला दुसरा परिच्छेद तुझ्या शब्दांत सांग. तिने मान खाली घातली. ‘मॅडम, ते त्यांनीच लिहिलंय. मला फक्त पाठ करायला सांगितलंय.’

मग मी विचारले, आत्तापर्यंत तू काय केलेस? ती दोन वर्षे भिवंडीच्या एका गोदामात डिस्पॅचच्या टेबलावर होती. सणासुदीच्या सेलनंतर परत येणाऱ्या पार्सलांचा ढीग कसा लागतो ते ती सांगू लागली. चुकीचा माल गेला म्हणून परत येणारी पार्सले वेगळी आणि पत्ताच सापडला नाही म्हणून परत येणारी वेगळी. दुसऱ्या प्रकारची तिने निवडून बाजूला काढली, तर लक्षात आले की त्याच त्या इमारती पुन्हा पुन्हा येत आहेत. एकाच सोसायटीचे नाव लोक तीन तऱ्हेने लिहितात, कुणी जुन्या चाळीचे नाव टाकतो, कुणी नव्या टॉवरचे, आणि डिलिव्हरीवाला फिरून परत येतो. तिने अशा इमारतींची एक्सेलमध्ये यादी केली, समोर सगळी नावे आणि जवळची खूण लिहिली, आणि ती डिलिव्हरीच्या मुलांना छापून दिली. साहेबांना आवडली म्हणून ती यादी पुढे दुसऱ्या गोदामातही गेली. हे सांगताना ती खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती. तिचे इंग्रजी साधे होते, पण ती अडखळत नव्हती.

तुमच्या त्या दोन पानांत भिवंडी हा शब्द नव्हता.

त्या मुलीजवळ जे होते ते कुठल्याही विद्यापीठाला आणि कुठल्याही व्हिसा अधिकाऱ्याला ऐकावेसे वाटेल असे होते. ते पुसून तुम्ही तिला हजार जणांसारखी करून टाकली, आणि या कामाचे तिच्या वडिलांकडून पैसे घेतले. तिने नंतर स्वतः बसून नवे लिहिले. व्याकरणाच्या चुका मी दाखवल्या, वाक्ये तिचीच ठेवली. तिला व्हिसा मिळाला. नसता मिळाला तरी ती व्हिसा मुलाखतीच्या खिडकीसमोर स्वतःबद्दल खरे बोलून आली असती.

कारण खिडकीसमोर तुम्ही नसता. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कौन्सुलेटमध्ये आत फोन नेता येत नाही, सोबत आई नाही, काउन्सेलर नाही. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते. अमेरिकेच्या कायद्यातले २१४(ब) हे कलम असे सांगते की अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे अधिकाऱ्याने आधी गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची. त्या दोन मिनिटांत पाठ केलेले वाक्य अर्ध्यावर विसरले की मुलाचा चेहरा कसा होतो ते मी माझ्या दिवाणखान्यात पाहिले आहे. ब्रिटनच्या कित्येक विद्यापीठांतही सीएएस, म्हणजे व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे पत्र, देण्याआधी मुलाशी बोलतात. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पासून जुने लांबलचक निवेदन बंद करून फॉर्ममध्येच थेट प्रश्न विचारायला सुरुवात केली, प्रत्येक उत्तराला १५० शब्दांची मर्यादा. हा बदल कशासाठी आहे? मुलाचा स्वतःचा विचार कळावा म्हणून. आणि काही ऑफिसांनी त्याचीही तयार उत्तरे करून ठेवली आहेत.

पैशांबद्दल मी बँकेची माणूस म्हणून बोलते. ‘फंड दाखवायची व्यवस्था आमच्याकडे होईल’ हे वाक्य बंद करा. ब्रिटनचा नियम असा आहे की लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत हवा. खाते मुलाचे किंवा आईवडिलांचे. मामाने, आत्याने मदत करायची तर ती आईवडिलांच्या खात्यात आणून ठेवावी लागते. यात लपवण्यासारखे काही नाही, आपल्याकडे नातलग अशी मदत करतातच. पण काही ठिकाणी महिनाभरासाठी व्याजाने पैसे खात्यात घातले जातात, आणि देणारा हमी म्हणून वडिलांकडून सह्या केलेले कोरे चेक आणि नेटबँकिंगचा पासवर्ड घेतो. मी असे पासबुक हाताळले आहे. वर्षानुवर्षे पगार येतो, घरखर्चाला जातो, शिल्लक काही हजारांत, आणि एका दिवशी एकदम पंचवीस लाख. ते मला दिसले, तर रोज अशीच स्टेटमेंट्स वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दिसणार नाही का?

खरे तर या घराला सरळ रस्ता दाखवता आला असता. बँका ज्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेवर चालतात, तिच्यात साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यावरच्या रकमेला मागतात. नावाजलेल्या विद्यापीठांसाठी कित्येक बँका याहून मोठी रक्कमही विनातारण देतात. हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एका वर्षाने सुरू होतो. मंजुरीचे पत्र व्हिसासाठी चालते. एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या शिक्षणाच्या पैशावर टीसीएस हा परदेशी पैसे पाठवताना बँक वसूल करते तो करही नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा आणि कुणबी मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेमार्फत शिष्यवृत्ती आहे. त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. तुमच्या ऑफिसातून आलेल्या मुलांना मी विचारते, तर बहुतेकांनी या योजनांचे नावही तिथे ऐकलेले नसते.

का ऐकलेले नसते, याचे उत्तर मला तुमच्या तोंडून हवे आहे. ‘मोफत समुपदेशन’ अशी पाटी असते. मुलाने प्रवेश घेतला की विद्यापीठ तुम्हाला पहिल्या वर्षाच्या फीमधून कमिशन देते. हा व्यवहार बेकायदा नाही, मेहनतीचा मोबदला कुणी घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण समोर बसलेल्या बापाला तो माहीत असला पाहिजे. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवण्याची फी घेत नाहीत, साहजिकच तिथे सहसा कमिशनही नसते. आणि जर्मनीला जायचे म्हणणारा मुलगा तुमच्या टेबलावरून उठतो तेव्हा त्याच्या हातात खासगी विद्यापीठाचे, लाखो रुपये फीचे ऑफर लेटर कसे असते? तसे असण्याला योग्य कारण असेलही, गुण कमी असतील, भाषा येत नसेल. ते कारण आणि कमिशनचा आकडा दोन्ही एकत्र सांगा, मग निर्णय त्या घराला घेऊ द्या.

नियम भराभर बदलताहेत आणि जुन्या जाहिराती तशाच चालू आहेत. कॅनडाची विद्यार्थी व्हिसासाठीची एसडीएस ही जलद सोय ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, तरी तिच्या नावाची पत्रके नंतरही वाटली जात होती. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या नसलेल्या मास्टर्सला जाणाऱ्यांना जोडीदाराला सोबत नेता येत नाही. शिक्षणानंतर तिथे दोन वर्षे थांबता येते हे खरे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना दीडच वर्षे मिळणार आहेत. आज कर्ज काढून निघणाऱ्या मुलाच्या परतफेडीचे गणित या सहा महिन्यांवर बसते किंवा कोसळते. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाची फी २०२४ च्या मध्यापर्यंत ७१० ऑस्ट्रेलियन डॉलर होती, ती जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झाली, आणि नकार आला तर परत मिळत नाही. ‘ट्राय करून बघू’ म्हणून फाईल लावायचे दिवस गेले. त्या प्रयत्नाचा खर्च तुमचा नसतो.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकन दूतावासाने भारतातल्या सुमारे दोन हजार अपॉइंटमेंट्स रद्द केल्या, कारण त्या बॉट, म्हणजे आपोआप चालणारे सॉफ्टवेअर, वापरून अडवलेल्या होत्या. स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या हाताने तारीख घेणाऱ्या मुलाला अशा बातमीने झोप उडवून घ्यायचे कारण नसते. तुमच्याकडून तारीख ‘काढून’ घेतलेल्याला मात्र आपली तारीख कशी निघाली तेच माहीत नसते.

पंजाबात २०१२ च्या कायद्याखाली अशा सल्लागारांना परवाना घ्यावा लागतो, आणि तरीही तिथे फसवणूक थांबली नाही. म्हणून फक्त कायद्याची वाट बघत बसावे असे मला वाटत नाही. तुम्ही मनावर घेतले तर येत्या इनटेकपासून बदलता येईल.

पहिल्या भेटीतच मुलाचा स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा फोन नंबर घालून खाते उघडा, पासवर्ड त्यालाच टाकू द्या. मूळ मार्कशीट आणि पासपोर्ट ऑफिसात ठेवून घेऊ नका. फी परत मागितली की मूळ कागद अडवून धरणारी ऑफिसे मला माहीत आहेत, त्यांना तर मी हात जोडून सांगते की हे ताबडतोब थांबवा. सबमिट करण्याआधी मुलाला पूर्ण फॉर्म एकदा मोठ्याने वाचायला लावा, कळत नसेल तर मराठीत समजावून सांगा. आईवडीलही समोर असू द्या. एसओपीसाठी त्याला प्रश्न विचारा, तासभर त्याच्याशी बोला, चुका दुरुस्त करा, पण लिहू त्याला द्या. ज्याला स्वतःबद्दल दोन पाने लिहिता येत नाहीत, त्याला तिकडे गेल्यावर प्रबंध कोण लिहून देणार आहे? आणि कुठल्या विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळते, ते तुमच्या लेटरहेडवर लिहून, सही करून पालकांच्या हातात द्या.

कमिशन लिहून देणाऱ्या सल्लागाराकडे पालक जास्त विश्वासाने येतील. मी टेबलावर बसायचे तेव्हा प्रोसेसिंग फी, व्याजदर, दंड सगळे आधी कागदावर दाखवायचे, आणि त्यामुळे उठून गेलेली माणसे फार थोडी.

जून-जुलैची गर्दी सुरू होण्याआधी तुमच्यापैकी जे कुणी असे लेखी देऊ लागतील, त्यांनी तो कागद ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावावा. मी तो बघायला येईन, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला तुमचा पत्ता देईन.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
मुलुंड पूर्व, मुंबई